रस्ता खालून मोडतो

कॅनडासारख्या थंड देशात, आणि आपल्याकडे लडाखात, हिवाळ्यात जमिनीतली ओल गोठते. बर्फाचे थर खालचे पाणी ओढून घेत वाढतात आणि रस्ता फुगून वर येतो. बर्फ वितळला की खाली चिखल. त्या दिवसांत कॅनडात अनेक रस्त्यांवर जड गाड्यांना माल कमी भरावा लागतो.

बीड जिल्ह्यात हे सांगून काय उपयोग, असे वाचक विचारतील. आपल्याकडे रस्ता गोठत नाही हे खरे. पण गेवराई-माजलगावकडच्या गोदाकाठच्या काळ्या मातीला दुखणे तेच आहे. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा देते. खालची जमीन दरसाल वर-खाली होत असेल तर वरचे डांबर काय नि काँक्रीट काय, तडकणारच.

उपाय दोन्हीकडे एकच, पाणी दूर ठेवणे. काळ्या मातीवर चांगल्या मुरमाचा थर दाबून द्यावा, किंवा मातीतच साधारण ३ ते ५ टक्के चुना मिसळून दबाई करावी. चुन्याने फुगणे कमी होते. रस्त्याला मधून कडेला उतार हवा, बाजूला वाहती नाली हवी. यातले काहीच उद्घाटनाच्या फोटोत येत नाही, म्हणून आधी तेच गाळले जाते!

अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांसाठीच्या योजनेतून आपल्या वस्त्यांत काँक्रीटचे रस्ते होतात. आनंदच आहे. पण पुष्कळ ठिकाणी वस्ती गावाच्या सखल कडेला, साऱ्या गावाचे पाणी तिकडेच येते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली माणसे पावसाळ्यात घरी असतात. अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायची पाळी तेव्हा आली, तर जीप वस्तीपर्यंत यायला नको का? १९७२ च्या दुष्काळात ज्या आयाबायांनी रस्त्यांसाठी खडी फोडली, त्यांच्या नातींनी चिखल तुडवत जावे?

आम्ही पडलो कारकून. आमची नजर आकड्यांवर जाते. ग्रामसभेत रस्त्याचे अंदाजपत्रक मागा. मुरूम, दबाई, नाली या बाबी त्यात आहेत का, आणि किती रकमेच्या, ते बघा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने मोजमाप पुस्तक पाहता येते, कामाची पाहणी करता येते, मालाचा नमुनाही मागता येतो. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाहीत. मात्र अर्ज काम सुरू होताच करावा. काँक्रीट पडल्यावर खालचा मुरूम मोजायला कोणी खोदू देत नाही.