वणवा आणि जाळरेषा

देवपुरातून पांझरा ओलांडून मुंबई-आग्रा महामार्गाने दक्षिणेस निघाले, की दहाएक किलोमीटरवर लळिंगचा किल्ला आणि त्याभोवतीचे कुरण लागते. श्रावणात हिरवेगार असणारे हे डोंगर माघ सरता सरता वाळून पिवळे पडतात. मग एखादी न विझवलेली विडीही ते पेटविण्यास पुरते. वनखात्याच्या लेखी १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम. या काळात दरवर्षी आवाहने होतात, आणि दरवर्षी खानदेशातले डोंगर कोठे ना कोठे जळतातच. तेव्हा दोष केवळ लोकांच्या बेफिकिरीचा, की धोरणाचाही, हे तपासणे अगत्याचे आहे.

आगीला संपूर्ण मज्जाव करण्याचे धोरण सातपुड्याच्याच रांगेत, आजच्या मध्य प्रदेशातील बोरीच्या अरण्यात, १८६०च्या दशकात कर्नल पिअर्सन यांनी प्रथम यशस्वी केले. १९२७च्या भारतीय वन कायद्यानेही राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हाच मानला. तथापि विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रह्मदेशातील ओलसर सागवनांत हे धोरण सोडून द्यावे लागले; आगीवाचून इतर झाडोरा माजून सागाची रोपे वर येईनात. कर्नाटकातील बिळिगिरी रंगन डोंगरांतील सोलिग आदिवासी हंगामाच्या प्रारंभी पालापाचोळा जाळीत. १९७४ साली तेथे अभयारण्य झाले, ती प्रथा बंद पडली आणि घाणेरीने रान व्यापले, असे सोलिगांचे सांगणे आहे.

यावरून आग हेच औषध, असा निष्कर्ष काढणे मात्र घातक ठरेल. दक्षिण आफ्रिकेतील झुडुपी रानात अनेक जातींचे बी आगीनंतरच रुजते. पण दोन आगींमध्ये दहा-पंधरा वर्षांचा अवधी लागतो. कॅलिफोर्नियात आग वारंवार आली तेथे झुडुपे नाहीशी होऊन परकी गवते माजली. खानदेशच्या काटेरी रानात तर हा धोका अधिकच. कुसळीचे बी आपल्या पिळदार कुसळाच्या जोरावर मातीत शिरते आणि आगीतून वाचते. खैराची, अंजनाची कोवळी रोपे मात्र करपतात. डोंगर दरसाल पेटला, तर जुनी झाडे उभी दिसतात, पण त्यांच्यामागे वंश उरत नाही. उघडी पडलेली माती पहिल्याच वळवाने ओढ्याला जाते.

मग आग लावली का जाते? कारणे पोटाची आहेत. मोहाची फुले वेचण्यास जमीन मोकळी हवी, तेंदूला कोवळी पाने फुटावयास हवीत, गुरांना नवे गवत हवे. नुसत्या बंदीने ही गरज मिटत नाही. आग तेवढी चोरून लागते. आणि चोरून लावलेल्या आगीपाशी ती विझविण्यास कोणी थांबत नाही. आगीची सूचना उपग्रहावरून देण्याची व्यवस्था २००४ पासून आहे. पण सूचना मिळाली तरी डोंगरावर झोडपणी घेऊन चढणारी माणसे गावातूनच यावी लागतात.

म्हणून प्रश्न आग हवी की नको, एवढाच नाही. ती केव्हा, कोठे आणि कोणाच्या देखरेखीखाली, हा आहे. कुरणातले गवत आधी कापून गावाला द्यावे, मोहाखाली जाळी अंथरण्यास साहाय्य करावे, आणि थंडी सरण्यापूर्वी, वारा पडलेला पाहून, जाळरेषा गावकऱ्यांसह जाळाव्यात. २००६च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिलाच आहे. साक्री तालुक्यातील बारीपाड्याने चारशेहून अधिक हेक्टर जंगल स्वतःच्या नियमांनी राखले, आणि त्या कामाचे नेते चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. तो सन्मान जिल्ह्याला भूषणावह खराच; परंतु शेजारच्या गावांना तोच अधिकार प्रत्यक्षात वापरता आला नाही, तर पुढल्या माघानंतरही डोंगर असेच पेटतील.