एकजूट कुणाच्या विरोधात?

'एकजूट' हा आपला लाडका शब्द. मोर्चात, शिबिरात, गाण्यात आपण तो शेकडो वेळा उच्चारलेला असतो. पण हाच शब्द एका एकट्या मुलीच्या विरोधात उभा राहतो तेव्हा काय होतं, हे पाहायचं असेल तर अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा २०१६चा हंगाम पाहावा. घटना दूरची आहे, पण तिच्यातला प्रश्न आपल्या दाराशी आहे, म्हणून लिहिते आहे.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, हातात चेंडू घेऊन धावण्याचा, अंगावर धडका देण्याचा खेळ. तिथं कॉलेजच्या संघाचे सामनेही हजारो लोक पैसे मोजून बघतात. मिनेसोटा विद्यापीठाचं स्वतःचं मैदानच सुमारे ५० हजार प्रेक्षकांचं आहे. अनेक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर हा विद्यापीठाचा फुटबॉल प्रशिक्षक असतो. संघाच्या वाटेत जो येईल तो साऱ्या गावाचा वैरी, असं हे वातावरण.

१ सप्टेंबर २०१६ला संघानं हंगामातला पहिला सामना जिंकला. त्या रात्रीनंतर, २ सप्टेंबरच्या पहाटे, संघातल्या अनेक खेळाडूंनी आपल्यावर लैंगिक अत्याचार केले, अशी तक्रार एका विद्यार्थिनीनं केली. जे झालं ते संमतीनं झालं, असं खेळाडूंचं म्हणणं. पुराव्याअभावी खटला भरणार नाही, असं सरकारी वकिलांनी ऑक्टोबरमध्ये जाहीर केलं. पण विद्यापीठाची स्वतःची चौकशी चालू होती. शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदाला मनाई करणारा १९७२चा कायदा तिथं आहे. त्यानुसार विद्यापीठाला अशा तक्रारीची वेगळी दखल घ्यावी लागते. डिसेंबरमध्ये त्या चौकशीचा अहवाल आला आणि १० खेळाडूंना निलंबित करण्यात आलं.

हंगामाअखेरचा मानाचा सामना दोन आठवड्यांवर आला होता. १५ डिसेंबरला संघातले बाकीचे खेळाडू एकत्र उभे राहिले आणि निलंबन मागे घेईपर्यंत सराव आणि सामना, दोन्हींवर बहिष्कार टाकत असल्याचं त्यांनी जाहीर केलं. प्रशिक्षक ट्रेसी क्लेज यांनी आपल्याला या मुलांचा अभिमान वाटतो, असं जाहीरपणे सांगितलं. दुसऱ्या दिवशी एका वृत्तवाहिनीनं सुमारे ८० पानांचा तो अहवाल प्रसिद्ध केला. त्या मुलीनं काय सांगितलं होतं, हे लोकांनी पहिल्यांदा वाचलं. १७ डिसेंबरला बहिष्कार मागे घेतला गेला. २७ डिसेंबरला संघ तो सामना खेळला आणि जिंकलाही. जानेवारी २०१७मध्ये प्रशिक्षकांना काढण्यात आलं.

खेळाडूंची एक मागणी मात्र रास्त होती, हे मी मुद्दाम नोंदवते. आरोप असलेल्याला आपली बाजू मांडायची संधी मिळाली पाहिजे, सुनावणी न्याय्य झाली पाहिजे. पुढे विद्यापीठाच्या सुनावणीत काही जणांना कॉलेजातून काढलं गेलं, तर काही जण निर्दोष ठरले. म्हणजे सुनावणीची गरज होतीच. न्याय्य प्रक्रियेला आपण घाबरण्याचं कारण नाही. ती तक्रारदार बाईच्याही हिताची असते.

पण सुनावणी मागणं वेगळं आणि 'आमच्या भावांना आधी परत घ्या' म्हणून सामना वेठीला धरणं वेगळं. पहिल्यात दोन्ही बाजूंचं ऐकण्याची तयारी असते. दुसऱ्यात एक बाजू आधीच खोटी ठरवलेली असते. त्या मुलीच्या बाजूनं उभा राहायला संघ नव्हता, मैदान नव्हतं, प्रशिक्षक नव्हता. तिची बाजू फक्त कागदावर होती, आणि तो कागद लोकांसमोर येण्याआधीच एकजूट जाहीर झाली होती.

आणखी एक युक्तिवाद तिथं वारंवार झाला: पोलिसांत खटला नाही, मग विद्यापीठाचं काय काम? हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही. १९९७च्या विशाखा निकालानंतर आणि २०१३च्या कायद्यानंतरही आपल्याकडच्या कॉलेजांत, कचेऱ्यांत तो ऐकू येतो. फौजदारी कोर्ट माणसाला तुरुंगात धाडायचं की नाही ते ठरवतं, म्हणून तिथं गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. संस्थेची समिती वेगळा प्रश्न विचारते: इथं शिकणारी, काम करणारी बाई सुरक्षित आहे का? एका दारानं 'पुरावा पुरेसा नाही' म्हटलं म्हणून दुसरं दार आपोआप बंद होत नाही.

आता आपल्या घरात डोकावू या. संघटनेतल्या एखाद्या कार्यकर्तीनं एखाद्या 'साथी'बद्दल तक्रार केली की आपण काय म्हणतो? "आत्ता नको, परिषद तोंडावर आली आहे." "विरोधकांच्या हातात कोलीत मिळेल." "त्यानं चळवळीसाठी किती केलंय!" मला यात आणि फुटबॉलच्या हंगामात फारसा फरक दिसत नाही. आपलाही हंगाम असतो, फक्त त्याला आपण आंदोलन म्हणतो. आणि हंगाम संपेपर्यंत थांबायचं कुणी, तर नेहमी बाईनंच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. प्रत्येक संघटनेनं, शांततेच्या काळातच, तक्रारीसाठी बाहेरच्या व्यक्तीसह एक समिती नेमावी. तक्रार आल्यावर कार्यक्रमांच्या तारखा बघून चौकशी पुढे ढकलू नये. आणि तिचं म्हणणं पुरतं ऐकल्याखेरीज कुणाच्याही समर्थनाच्या पत्रकावर सही करू नये. न ऐकताच दिलेल्या पाठिंब्याला एकजूट म्हणत नाहीत, तो निव्वळ कळप झाला.