मोबाईलचं सीमोल्लंघन

बोडनसे तळ्याला सायकलने प्रदक्षिणा घालायची म्हणजे जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड असे तीन देश तुडवायचे. हद्दीवर आमच्या पासपोर्टकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. पण खिशातला मोबाईल! कोन्स्टान्झला, जर्मन भूमीवर, मी मुकाट्याने कॉफी पीत होतो. आणि जर्मन सिमकार्डाचं हे कार्टं परस्पर स्विस टॉवरच्या गळ्यात पडलं. युरोपीय संघाने १५ जून २०१७ पासून आपापसांतला रोमिंगचा जादा आकार काढून टाकला. स्वित्झर्लंड त्या संघात नाही. कबूल! पण हद्द ओलांडली लहरींनी, भुर्दंड मला का? नकाशा उघडेपर्यंत शिल्लक खलास. ‘सुखरूप पोचलो’ हे घरी कळवायचं राहिलं, त्याचा हिशेब सौभाग्यवतींनी वेगळा मांडला. कंपनीचा माणूस फोनवर म्हणतो, “साहेब, डेटा बंद ठेवायचा ना!” अहो, मग विकलात कशाला?