गुणगुण थांबवायला अर्थिंग तोडू नका

अकूस्टिक गिटार स्पीकरला जोडली की ५० हर्ट्‌झची गुणगुण सुरू होते आणि कुणीतरी तीन पिनी प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकतो. आवाज बंद होतो, म्हणून उपाय बरोबर वाटतो. पण गुणगुणीचं कारण बहुधा वेगळंच असतं. गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर एका सॉकेटवर, मिक्सर दुसऱ्या टोकाच्या सॉकेटवर, आणि दोघांना जोडणारी केबल: अर्थिंगचे असे दोन मार्ग जुळले की त्या वळशातून प्रवाह फिरतो. दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावर लावली, किंवा मध्ये डीआय बॉक्स ठेवून त्याचं ‘ग्राउंड लिफ्ट’ बटण दाबलं, तर काम बहुतेक वेळा भागतं. ते बटण फक्त सिग्नलच्या केबलची जोडणी सोडवतं, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही. सगळा फरक इथेच आहे.

पिन काढल्यावर यंत्रात बिघाड झाला, तर बाहेर पडणाऱ्या विजेला वादकाच्या शरीराखेरीज वाट उरत नाही. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी इथे ‘स्टोन द क्रोज’चा गिटारवादक लेस हार्वी अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लावताच रंगमंचावर मरण पावला.

‘मांडवात अर्थिंग असतंच कुठे?’ असं साउंडवाले म्हणतात. अनेक ठिकाणी ते खरंही आहे. मात्र तो पिन काढण्याचा परवाना नव्हे. आयोजकांनी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावं आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय वादकाला मंचावर बोलावू नये.