विश्लेषण : औषध एका खात्यात, अन्न दुसऱ्या, आफ्रिकेतील एचआयव्हीबाधित बालकांचे काय?

जगात २०२३ मध्ये १४ वर्षांपर्यंतची सुमारे १४ लाख बालके एचआयव्हीसह जगत होती आणि त्यातील बहुसंख्य सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत होती. एकूण बाधितांमध्ये त्यांचा वाटा जेमतेम तीन-साडेतीन टक्के, पण एड्समुळे होणाऱ्या मृत्यूंमध्ये १२ टक्के. त्या वर्षी बाधित प्रौढांपैकी ७७ टक्क्यांना उपचार मिळत होते, बालकांपैकी ५७ टक्क्यांनाच. या तफावतीचे कारण केवळ गोळ्यांच्या तुटवड्यात शोधून चालणार नाही. गेल्या २५ वर्षांत झांबिया, झिम्बाब्वे, मलावी, केनिया, दक्षिण आफ्रिका येथे झालेले संशोधन एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत आले आहे. मुलाच्या पोटात काय जाते, हा प्रश्न औषधोपचारापासून वेगळा काढता येत नाही. कारभार मात्र आजही तो वेगळाच काढतो.

विषाणू आणि कुपोषण यांचे नाते काय?

दोघे एकमेकांना पोसतात. विषाणूमुळे आतड्याच्या अस्तराची हानी होते, खाल्लेले अंगी लागत नाही. तोंडात बुरशीचा संसर्ग होऊन गिळणे अवघड होते, वारंवार जुलाब आणि ताप येतो, भूक मरते. कुपोषणाने आधीच दुबळी झालेली प्रतिकारशक्ती आणखी खचते. उपचार न मिळाल्यास जन्मतः बाधित बालकांपैकी निम्मी दुसऱ्या वाढदिवसापूर्वीच दगावतात. अनेकदा घरच्यांना संसर्गाचा पत्ताही नसतो. मूल ‘अंग धरत नाही’ म्हणून ते कुपोषण कक्षात दाखल होते आणि तिथल्या तपासणीत एचआयव्ही सापडतो.

अशा मुलाला विषाणूरोधक औषधे लगेच द्यायची की आधी प्रकृती सावरू द्यायची? केनियातील रुग्णालयांत याची रीतसर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांतील मृत्यूंत फरक आढळला नाही. मात्र सहा महिन्यांत दर पाचांतील जवळपास एक मूल दगावले. म्हणजे दोन-चार दिवसांच्या घाईने किंवा विलंबाने फारसे काही बदलत नव्हते. मुले रुग्णालयापर्यंत पोहोचत होती तीच उशिरा.

स्तनपानाबाबतचे धोरण कसे फसले?

या विषयातील सर्वात बोलका आणि सर्वात महागात पडलेला धडा हाच आहे. आईच्या दुधातून विषाणू बाळाकडे जाऊ शकतो, हे १९८०च्या दशकात स्पष्ट झाले होते. श्रीमंत देशांनी बाधित मातांना स्तनपान टाळण्याचा सल्ला दिला. तिथे तो योग्यच होता, कारण नळाला स्वच्छ पाणी होते आणि डब्याचे दूध परवडत होते. पुढे तोच सल्ला आफ्रिकेत पोहोचला. बोट्स्वाना आणि दक्षिण आफ्रिका या तुलनेने सुस्थितीतील देशांनी तर बाधित मातांना सरकारी खर्चाने पावडरीचे दूध पुरवायला सुरुवात केली. हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

डर्बनमधील संशोधक अॅना कुट्सौडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एक अनपेक्षित निरीक्षण मांडले. पहिले तीन महिने ज्या बाळांना फक्त आईचे दूध मिळाले, त्यांच्यातील संसर्गाचे प्रमाण अजिबात स्तनपान न झालेल्या बाळांपेक्षा जास्त नव्हते. धोका वाढत होता तो दुधासोबत पाणी, पेज, वरचे दूध असे सगळेच देण्याने. बाहेरच्या अन्नामुळे बाळाच्या आतड्याचे नाजूक अस्तर दुखावते आणि विषाणूला वाट मिळते, असे यामागचे संभाव्य कारण मानले जाते. त्या वेळी या निष्कर्षाकडे अनेकांनी संशयाने पाहिले. २००७ मध्ये हूसेन कूवाडिया यांच्या चमूने क्वाझुलू-नाताल प्रांतातील मोठ्या अभ्यासातून त्याला पुष्टी दिली.

बोट्स्वानातील १२०० मातांच्या चाचणीने तर हिशेबच समोर ठेवला. डब्याचे दूध घेणाऱ्या बाळांत संसर्ग कमी झाला : सात महिन्यांअखेर ५.६ टक्के, तर स्तनपान आणि सोबत औषध मिळालेल्या बाळांत ९ टक्के. मृत्यूंचे चित्र मात्र उलटे होते. डब्याच्या दुधावरील ९.३ टक्के बाळे दगावली, स्तनपानावरील ४.९ टक्के. जी एचआयव्हीपासून वाचली, ती जुलाबाने आणि न्यूमोनियाने गेली. दीड वर्षाच्या टप्प्यावर ‘जिवंत आणि संसर्गमुक्त’ बालकांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच भरले. केवळ संसर्ग मोजणाऱ्याला हे धोरण यशस्वी वाटले असते. जगलेली मुले मोजणाऱ्याला तसे वाटणे शक्य नव्हते.

हे निष्कर्ष छापून आले त्याच वर्षी, २००६ च्या सुरुवातीला, बोट्स्वानात अतिवृष्टी झाली, पाणी दूषित झाले आणि अतिसाराच्या साथीत शेकडो बालकांचा बळी गेला. त्यात स्तनपान न मिळणे हाच सर्वात मोठा धोका असल्याचे तपासात आढळले. झांबियात चौथ्या महिन्यात अचानक स्तनपान तोडण्याचा प्रयोग झाला. त्यानेही फायदा झाला नाही आणि आधीच बाधित असलेल्या बाळांचे त्यात नुकसानच झाले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये दिशा बदलली. आई किंवा बाळाला विषाणूरोधक औषधे द्यायची, सहा महिने निव्वळ स्तनपान आणि नंतर वरच्या आहारासोबत ते सुरू ठेवायचे. दक्षिण आफ्रिकेने २०११ मध्ये मोफत पावडर वाटप थांबवण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी मलावीने प्रत्येक बाधित गर्भवती व स्तनदा मातेला आयुष्यभराचे उपचार सुरू केले. त्यासाठी पांढऱ्या पेशींच्या महागड्या चाचणीची अट काढून टाकली, कारण त्या चाचणीची यंत्रे बहुतांश दवाखान्यांत नव्हतीच. जगाने हा मार्ग नंतर स्वीकारला. तो काढला एका गरीब देशाने, आपली गैरसोय ओळखून. मात्र १९९९ ते २०१० या अकरा वर्षांत किती मातांना चुकीचा सल्ला मिळाला, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

साध्या गोळीची कमाल आणि मर्यादा कोणती?

कोट्रायमॉक्साझोल हे जुने, स्वस्त प्रतिजैविक. झांबियातील ५४१ बाधित बालकांवरील चाचणीत ते रोज दिल्याने मृत्यू ४३ टक्क्यांनी घटले. निकाल इतका ठळक होता की चाचणी मुदतीपूर्वी थांबवावी लागली. २००४ मध्ये हे प्रसिद्ध झाले, तेव्हा आफ्रिकेतील बहुतेक बालकांपर्यंत विषाणूरोधक औषधे पोहोचलीच नव्हती. पुढे केनियात हीच गोळी एचआयव्ही नसलेल्या, पण तीव्र कुपोषित बालकांना देऊन पाहण्यात आली. तिथे मृत्यू कमी झाले नाहीत. बाहेरून सारखीच हडकुळी दिसणारी दोन मुले आतून वेगळ्या कारणांनी आजारी असतात, हे यातून दिसते. सरसकट वाटपाच्या मोहात पडणाऱ्या योजनाकारांनी ही दुसरी चाचणीही वाचायला हवी.

उपचार कधी सुरू करायचे, याचे उत्तर दक्षिण आफ्रिकेतील ‘चेर’ चाचणीने २००८ मध्ये दिले. निदान होताच, म्हणजे सहा ते बारा आठवड्यांच्या वयात औषधे सुरू केलेल्या बाळांतील मृत्यू, लक्षणे दिसेपर्यंत थांबलेल्या बाळांच्या तुलनेत ७६ टक्क्यांनी कमी होते.

मुंबईचा संबंध कुठे येतो?

औषध द्यायचे ठरले, पण तान्ह्याला ते पाजायचे कसे? बराच काळ मिळणारे लोपिनाविरचे सरबत कडू होते, त्यात अल्कोहोल ४० टक्क्यांहून अधिक होते आणि बाटली थंड ठेवावी लागे. ज्या घरात वीज नाही, तिथे शीतकपाट कुठले? अनेक ठिकाणी प्रौढांच्या गोळ्या मोडून, अंदाजाने मात्रा दिली जात असे. मुंबईच्या ‘सिप्ला’ने बालकांसाठी तीन औषधांची एकत्रित छोटी गोळी बनवली आणि तिची चाचणी झांबियात झाली. २००० नंतरच्या दशकात मदतनिधीतून गरीब देशांत गेलेल्या एचआयव्हीच्या औषधांपैकी ८० टक्क्यांहून अधिक भारतीय कंपन्यांची होती. २०२० मध्ये डोल्युटेग्राविरची पाण्यात विरघळणारी, स्ट्रॉबेरीच्या चवीची गोळी आली. ती बनवणाऱ्या दोन कंपन्यांपैकी एक मुंबईची ‘मॅक्लिऑड्स’. एका बालकाच्या वर्षभराच्या उपचाराचा खर्च बराच खाली आला.

गोळी विरघळवायला स्वच्छ पाणी लागते आणि ती लागू पडायला मुलाचे वजन वाढावे लागते. ते काम कारखान्यात होत नाही.

मग अन्नाबाबत संशोधन काय सांगते?

शेंगदाण्याचे कूट, दूध पावडर, तेल, साखर, जीवनसत्त्वे आणि खनिजे यांची पेस्ट ही आफ्रिकेतील तीव्र कुपोषणावरील उपचारांचा कणा बनली. तिला पाणी घालावे लागत नाही, शिजवावे लागत नाही, त्यामुळे मूल घरीच बरे होऊ शकते. मलावीत हे मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाले आणि २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी या पद्धतीला मान्यता दिली. एचआयव्हीबाधित मुलेही या आहाराने सावरतात, पण हळू. आणि विषाणूवर औषध नसेल तर पुन्हा घसरतात.

झिम्बाब्वेच्या ग्रामीण भागातील ‘शाइन’ चाचणी अधिक अस्वस्थ करणारी आहे. तिथे बाधित मातांच्या, पण स्वतः बाधित नसलेल्या बालकांपैकी दीड वर्षाच्या वयात निम्मी खुरटलेली होती. आहाराचे मार्गदर्शन आणि रोज २० ग्रॅम पूरक पेस्ट मिळालेल्या गटात हे प्रमाण ४० टक्क्यांवर आले. शौचालये, हात धुण्याची सोय, पाण्यासाठी क्लोरीन यांचा वाढीवर परिणाम दिसला नाही. म्हणजे शौचालये नकोत असे नव्हे. इतक्या माफक सुधारणेने बाळाभोवतीची घाण पुरेशी हटत नाही, हा अर्थ अधिक पटणारा आहे. आणि पेस्ट देऊनही ४० टक्के मुले खुरटलेलीच राहिली, हेही नजरेआड करता येत नाही. जगभरात अशी, संसर्गातून सुटलेली पण त्याची सावली अंगावर असलेली बालके दीड कोटीहून अधिक आहेत. एचआयव्हीच्या आकडेवारीत ती ‘यश’ म्हणून नोंदली जातात आणि तिथून पुढे कुठल्याच नोंदवहीत राहत नाहीत.

२०२५ मध्ये काय बदलले?

आफ्रिकेतील एचआयव्ही उपचारांचा मोठा भार २००३ पासून अमेरिकेच्या ‘पेपफार’ योजनेने उचलला. पोषणाची पेस्टही बऱ्याच अंशी अमेरिकी पैशातूनच जात होती, पण वेगळ्या खात्यातून, वेगळ्या करारांनी. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि जुलैमध्ये ‘यूएसएड’ ही संस्थाच बंद झाली. जीवनावश्यक म्हणून विषाणूरोधक औषधांना काही सवलत मिळाली. मात्र मातांच्या घरी जाणाऱ्या आरोग्यसेविका, वजन घेणारे कर्मचारी आणि पेस्टचा पुरवठा यांची साखळी अनेक ठिकाणी तुटली. सवलतीच्या यादीत औषध कशाला म्हणायचे हे ज्यांनी ठरवले, त्यांनीही जुनीच विभागणी वापरली.

ही विभागणी अटळ नव्हती. केनियातील एल्डोरेट येथे मोई विद्यापीठ आणि अमेरिकी विद्यापीठांच्या ‘अॅम्पाथ’ कार्यक्रमातील डॉक्टरांना सुरुवातीच्या काळातच आढळले होते की, गोळ्या घेणारे रुग्ण उपाशी आहेत. त्यांनी शेती सुरू केली आणि भाजीपाला, अंडी रुग्णांच्या घरी पोहोचवण्याची व्यवस्था उभारली. दवाखान्यात औषधासोबत धान्याची चिठ्ठीही लिहून मिळू लागली.