हिशेबाची किल्ली कुणाच्या हातात?

"ताई, सगळं गेलं हो!" दिवाळीच्या तोंडावर आमच्या बचत गटातल्या मैत्रिणीचा शेजारणीच्या फोनवरून रडवेला आवाज आला. मला वाटलं, घरात चोरी झाली की काय! तिचा मोबाइल पाण्याच्या पिंपात पडला होता. पण फराळाच्या ऑर्डरी, उधारी, गिऱ्हाइकांचे नंबर, सगळं त्यातच. उधारी तिने आठवून आठवून गोळा केली. काहींनी प्रामाणिकपणे दिली, काही गप्प बसले.

आपल्या आज्या पैसेसुद्धा एकाच डब्यात ठेवत नसत. मग हिशेब आपण एकाच जागी का ठेवतो?

वही चांगलीच. स्वस्त, विजेशिवाय चालणारी. पण तिची दुसरी प्रत नसते. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला आणि २०२१च्या जुलैमध्ये चिपळूणला पूर आला, तेव्हा दुकानांतल्या मालाबरोबर चोपड्याही भिजल्या. पेनड्राइव्ह चार-पाचशे रुपयांत मिळतो, पण हरवतोही तितक्याच सहज आणि बिघडताना आधी सांगत नाही. हार्ड डिस्कमध्ये भरपूर मावतं, इंटरनेट लागत नाही. पण ती संगणकाशेजारीच ठेवली, तर चोर दोन्ही घेऊन जाणार!

राहिलं ते 'क्लाउड'. नावाला ढग, प्रत्यक्षात कंपनीचे मोठे संगणक. आपली माहिती इंटरनेटवरून तिथे राहते. फोन बुडाला तरी नव्या फोनवर तेच खातं उघडलं, की ठेवलेलं परत मिळतं. गूगल १५ जीबी जागा फुकट देतं, पण त्यातच मेल, फोटो आणि अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही. जागा भरली, की नवीन काही साठत नाही. रेंज नसली, की अडलंच. ड्राइव्हमधली फाइल चुकून पुसली, तर ती कचरापेटीत ३० दिवसच राहते. आणि दोन वर्षं खातं वापरलंच नाही, तर गूगल ते बंद करू शकतं.

पण मला खरी काळजी वाटते ती वेगळीच. आमच्या गटातल्या कितीतरी जणींचं खातं मुलाच्या नाहीतर पुतण्याच्या नंबरावर आहे. पोरगा पुण्याला नोकरीला गेला, नंबर बदलला, की बसा शोधत पासवर्ड! पोरांवर अविश्वास नाही हो. पण धंदा आपला, घाम आपला आणि किल्ली दुसऱ्याकडे? कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून घर चालवणाऱ्या आपण, इथेच का म्हणतो, "मला बाई त्यातलं काही कळत नाही"?

संगणकवाल्यांचा एक साधा नियम आहे. प्रती तीन, साधनं दोन प्रकारची, एक प्रत घराबाहेर. आपल्यापुरतं सांगायचं, तर रोजचा हिशेब मोबाइलवर, दर रविवारी त्याची नक्कल पेनड्राइव्हवर आणि एक प्रत क्लाउडवर, स्वतःच्या नावाच्या खात्यात. पासवर्ड कागदावर लिहून दागिन्यांच्या डब्यात ठेवा. महिन्यातून एकदा ती नक्कल उघडून बघा. लोणच्याची बरणी आपण मधूनमधून उघडून बघतोच की!

त्या मैत्रिणीने आता स्वतःच्या नावाचं खातं उघडलंय. पासवर्ड तिनेच ठरवला. काय ते मलासुद्धा सांगितलं नाही.

मला फार बरं वाटलं!