आर्चीचा सतरा नंबरचा फॉर्म





यंदाच्या गॅदरिंगमध्येही ‘सैराट’ची गाणी वाजली. गेली कित्येक वर्षे आम्ही हे पाहत आहोत. मंचावर एखादी मुलगी आर्ची होऊन येते, ट्रॅक्टर चालवल्याचा अभिनय करते आणि मागच्या रांगेपासून शिट्ट्या सुरू होतात. दुसऱ्या दिवशी आम्ही नववीच्या वर्गात सहज विचारले, “आर्चीचे काम करणारी मुलगी त्या वेळी कितवीत होती?” कोणी म्हणाले कॉलेजात, कोणी म्हणाले बारावीत. ती शाळेत होती, हे एकालाही ठाऊक नव्हते. तिने दहावीची परीक्षा कशी दिली, हे तर फारच दूर राहिले. म्हणून या अंकातील मनोगत त्या मुलीवर लिहावे असे ठरवले. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आहे, त्यामुळे भाषेत काही उणे-अधिक झाले तर मराठीच्या बाई सांभाळून घेतीलच.

रिंकू राजगुरू हिचा जन्म ३ जून २००१ चा, गाव सोलापूर जिल्ह्यातील अकलूज. आई-वडील दोघेही शिक्षक. घरी सिनेमाचा गंध नव्हता. २०१३ साली दिग्दर्शक नागराज मंजुळे नव्या चित्रपटासाठी कलाकार शोधत अकलूजला आले, तेव्हा ही मुलगी सातवीत होती. सगळे गाव बघायला जाते तशी तीही गेली आणि निवडली गेली. मंजुळे स्वतः त्याच जिल्ह्यातील, करमाळा तालुक्यातील जेऊरचे. त्यांना मुंबईची तयार नटी नको होती, त्या मातीतली मुलगी हवी होती.

चित्रपट पुरा होऊन लोकांपुढे येईपर्यंत ती नववीत पोहोचली. मार्च २०१६ मध्ये ६३ वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले आणि तिच्या अभिनयाचा विशेष उल्लेख झाला. त्या वेळी तिला पंधरावे वर्षही पुरे झाले नव्हते. २९ एप्रिल २०१६ रोजी ‘सैराट’ प्रदर्शित झाला. शंभर कोटींची कमाई ओलांडणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला. आपल्या भागातूनही लोक घरच्या लग्नाला निघावे तसे गाड्या भरून तो पाहायला गेले. पुढच्याच वर्षी त्याची कन्नड आवृत्ती ‘मनसु मल्लिगे’ आली आणि तिच्यातही नायिका रिंकूच होती. हिंदीत २०१८ साली ‘धडक’ निघाला, त्यात दुसरी अभिनेत्री होती. म्हणजे मराठी आणि कन्नड या आपल्या दोन्ही शेजारभाषांच्या पडद्यावर ही एकच शाळकरी मुलगी दिसली. गाणी सर्वांना पाठ आहेत, पण चित्रपटाचा शेवट जातीच्या खोट्या प्रतिष्ठेपायी होणाऱ्या खुनाचा आहे, हे गॅदरिंगच्या मंचावर आपण सोयीने विसरतो. तो विषय एकदा स्वतंत्रपणे घेऊ.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. एप्रिलमध्ये चित्रपट लागला आणि जूनमध्ये दहावीचा वर्ग सुरू होणार होता. तिला पाहायला जिथे तिथे गर्दी होऊ लागली. रोज शाळेत जाऊन बाकावर बसणे शक्य राहिले नाही. त्यातच पुढच्या चित्रपटाचे काम होते. अखेर तिने नियमित शाळा सोडली आणि १७ नंबरचा फॉर्म भरून बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून दहावीला बसायचे ठरवले. महाराष्ट्रात १७ नंबरचा फॉर्म म्हणजे आपल्याकडे एस.एस.एल.सी.ला खासगी उमेदवार म्हणून बसतात तसाच प्रकार. ज्यांची शाळा गरिबीने, आजाराने किंवा लग्नाने सुटली, त्यांच्यासाठी ही वाट असते. राज्यभर नाव झालेली मुलगी त्याच वाटेने गेली.

मार्च २०१७ मध्ये तिने परीक्षा दिली. जूनमध्ये निकाल लागला, ६६.४० टक्के. ही संख्या आम्हाला तोंडपाठ आहे, कारण ती वर्तमानपत्रांत छापून आली होती. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचे गुण सर्व राज्याने चघळले. कोणी कौतुक केले, कोणी नाक मुरडले. पालकहो, आपणही निकालाच्या दिवशी गल्लीत हेच करतो ना? “शेजारच्याला पंच्याऐंशी, तुला इतकेच?” वर्षभर वर्ग नाही, मैत्रिणी नाहीत, घराबाहेर गर्दी, मध्येच चित्रीकरण, अशा स्थितीत पुस्तक हातात धरून मिळवलेले ते ६६ टक्के आमच्या मते कोणत्याही पहिल्या क्रमांकाच्या तोडीचे आहेत. दोन वर्षांनी, २०१९ साली, ती बारावी कला शाखेतून ८२ टक्के गुणांनी उत्तीर्ण झाली. त्याच एप्रिलमध्ये तिचा ‘कागर’ हा चित्रपट आला होता.

पुढे तिने लारा दत्ता यांच्यासोबत ‘हंड्रेड’ ही मालिका केली (२०२०). ‘२०० हल्ला हो’ (२०२१), मंजुळे यांचाच ‘झुंड’ (२०२२) आणि ‘झिम्मा २’ (२०२३) यांतही तिने काम केले. ‘सैराट’एवढा गाजावाजा पुन्हा झाला नाही. तो होणारही नव्हता, कारण तशी लाट क्वचित येते. पण लाट ओसरल्यावर ती वाहून गेली नाही. काम करीत राहिली, शिकत राहिली. कलेच्या क्षेत्रात हेच अवघड असते. पहिले यश पुष्कळांना मिळते, दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पुन्हा कामाला लागणे थोड्यांना जमते.

मागच्या पिढ्या आठवल्या की याचे मोल कळते. हंसा वाडकर या थोर अभिनेत्री १९३६ च्या सुमारास, शाळेत असायच्या वयात, कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. घर त्यांच्या कमाईवर चालले. त्यांचे ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन वाचले म्हणजे लहान वयात मिळवती झालेली मुलगी किती एकटी पडते ते कळते. त्याच आत्मकथनाच्या आधारे १९७७ साली ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट निघाला आणि स्मिता पाटील यांनी तो अजरामर केला. दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे. लीला चिटणीस यांचा जन्म १९०९ चा, धारवाडचा. त्या काळी पदवी घेतलेली स्त्री सिनेमात येणे हीच मोठी बातमी होती. अशोककुमार यांच्याबरोबर ‘कंगन’, ‘बंधन’, ‘झूला’ या चित्रपटांत त्या नायिका होत्या आणि पुढे हिंदी पडद्यावरच्या आईच्या भूमिकांसाठी सर्वांना परिचित झाल्या. शिक्षणाने त्यांचे दुःख टळले असे आम्ही म्हणत नाही. पण आपली गोष्ट आपण स्वतः लिहिण्याचे बळ त्यांच्याजवळ होते आणि त्यांनी ती लिहिलीही.

परदेशातही हेच. अमेरिकेत चार्ली चॅप्लिनच्या १९२१ च्या ‘द किड’मधला बालनट जॅकी कूगन मोठा झाला, तेव्हा त्याची बहुतेक कमाई आई आणि सावत्र वडिलांनी खर्चून टाकलेली होती. त्याच्या खटल्यानंतर १९३९ साली कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईचा काही भाग त्यांच्यासाठी राखून ठेवण्याचा कायदा झाला. लहानपणीच प्रसिद्ध झालेली जोडी फॉस्टर मात्र मध्येच विद्यापीठात गेली, १९८५ साली येल विद्यापीठाची पदवी घेतली आणि त्यानंतर दोनदा ऑस्कर मिळवले. पदवीमुळे अभिनय आटला असे काही झाले नाही.

आपल्या देशातही नियम आहेत. पालकांनी ते जाणून घ्यावेत. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ साली नियम आले. चौदा वर्षांखालील बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीवाचून सलग तीन तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. सलग २७ दिवसांहून अधिक काम नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. कमाईतील निदान २० टक्के रक्कम मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवावी लागते आणि शाळा बुडू नये याची जबाबदारी निर्मात्यावर असते. मूल चौदाच्या पुढे गेले म्हणून आपली काळजी संपते असे मात्र समजू नये.

इथवर दुसऱ्यांच्या गोष्टी झाल्या. आता आमची एक चूक सांगायची आहे. हे मनोगत लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेतील नववीची एक मुलगी नाटकात फार छान काम करीत असे. तालमीच्या वेळी ती “काय करूलास रे?” असे घरच्यासारखे बोलली, तेव्हा आम्ही तिला सर्वांसमोर टोकले, “शुद्ध बोल, काय करतो आहेस म्हण.” मुलगी गप्प झाली. आर्चीचे सोलापुरी बोलणे ऐकून आपण टाळ्या वाजवतो आणि आपल्या पोरीच्या तोंडची बेळगावी बोली मंचावर खपवून घेत नाही, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले नाही. पुढे त्याच मुलीची एका लघुपटासाठी निवड झाली. पंधरा दिवस कोल्हापूरकडे जायचे होते. वडील अर्ज घेऊन आले, आणि आम्ही ७५ टक्के हजेरीचा नियम दाखवून तो परत केला. वर म्हणालो, “शिक्षण की सिनेमा, काय ते ठरवा.”

ती गेली. पंधरा दिवसांनी परतली, पण शाळेत आली नाही. वर्गातली मुले तिला हिरोईन म्हणून चिडवत होती आणि आमच्यासमोर उभे राहण्याची तिला भीती वाटत होती, हे आम्हाला नंतर कळले. वडिलांनी दाखला काढून नेला. आम्ही सही केली. सही करताना हात थांबायला हवा होता, तो थांबला नाही.

पंधरा दिवसांनी तिची हजेरी नियमाखाली जात नव्हती. आम्ही तो हिशोबच केला नव्हता. ‘शिक्षण की सिनेमा’ हा प्रश्नच चुकीचा होता. अकलूजच्या मुलीने दोन्ही केले, पण तिला ते शाळेबाहेर राहून करावे लागले. दोन्ही शाळेत राहून करता यावे, अशी शाळा आपली असावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

यासाठी विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत आम्ही पुढील गोष्टी मांडणार आहोत.

१) नाटक, खेळ, गायन किंवा चित्रपटासाठी निवड झालेल्या विद्यार्थ्याने आधी अर्ज केल्यास हजेरीचा हिशोब पाहून रजा द्यावी आणि बुडालेला अभ्यास शाळा सुटल्यावर शिक्षकांनी भरून काढावा. पहिला तास आम्ही स्वतः घेऊ.

२) निवडीच्या नावाने कोणी नोंदणी फी मागत असेल तर पालकांनी पैसे देण्याआधी शाळेत दाखवावे. काम देणारा पैसे देतो, मागत नाही.

३) मुलांची कमाई मुलांच्या नावेच बँकेत राहावी. घराच्या कर्जासाठी किंवा लग्नकार्यासाठी ती मोडू नये.

४) कोणत्याही कारणाने शाळेत खंड पडलेल्या मुलाचा दाखला देण्यापूर्वी एक शिक्षक त्याच्या घरी जाऊन येईल.

काही मंडळी म्हणतील, सर, हिंडलग्यातून किती नट्या निघणार आहेत? खरे आहे. कदाचित एकही नाही. पण कुस्तीला जाणारा मुलगा, भजनात पेटी वाजवणारी मुलगी, वडिलांच्या आजारपणात महिनाभर गाडा चालवणारा सातवीचा पोर, या सर्वांना हाच नियम उपयोगी पडेल. खंड पडलेल्या मुलाला परत यायला दार उघडे आहे की नाही, हा प्रश्न सर्वांचा आहे.

मुलींनो, पुढच्या गॅदरिंगला आर्ची अवश्य व्हा. ट्रॅक्टर चालवा, आमची ना नाही. पण त्या मुलीच्या दप्तरात १७ नंबरचा फॉर्म होता, तेही लक्षात असू द्या. आणि ज्या मुलीबद्दल वर लिहिले, तिच्या हाती हा अंक पडला तर तिने समजावे की शाळेचे दार तिच्यासाठी उघडे आहे. खासगी उमेदवार म्हणून परीक्षेला बसायचे असेल तर फॉर्म भरून द्यायला आम्ही स्वतः बसू. या वेळी शुद्ध-अशुद्ध काही म्हणणार नाही.



आपले,
मुख्याध्यापक